सातबारा, मुक्काम करामा

निफाडच्या माणसाने गव्हाच्या बाबतीत कुणाचं ऐकून घेऊ नये, हा माझा जुना बाणा. त्यात शारजाच्या शासकांनी मलीहाच्या वाळवंटात ४०० हेक्टरांवर गव्हाचं शेत उभं केलं. २०२२ सालची गोष्ट. त्याच वर्षी १३ मे रोजी भारताने गव्हाची निर्यात थांबवली होती आणि इथे दुबईत, करामातल्या चक्कीवर दळण टाकायला येणारा प्रत्येक अकाउंटंट कृषितज्ज्ञ झाला होता. मग मीच का मागे राहू? त्या वर्षी घटातला गहू वीतभर वर आला, तेव्हा दसऱ्याला तो टोपीत खोवायचं सोडून मी तो बाल्कनीतल्या मोठ्या खोक्यात लावला.

निफाडला फोन केला. "अण्णा, गव्हाची लावणी केली."

"लावणी? भात आहे का तो?" अण्णा इतके हसले की आईने फोन काढून घेतला.

भाताचाही विचार आला होता, नाही असं नाही. चीनच्या युआन लाँगपिंग यांच्या चमूने २०१८ मध्ये दुबईच्या वाळूत खाऱ्या पाण्यावरचा भात पिकवून दाखवला होता. पण बाल्कनीत चिखलणी केली असती तर खालच्या मजल्यावरचे मल्याळी शेजारी वर आले असते, आणि तेही भाताच्याच मुलखातले. चुका काढत बसले असते.

घटातली पिवळी रोपं अर्थातच आडवी झाली. नोव्हेंबरात रीतसर पेरणी केली. मासळीबाजारातून थर्माकोलचे खोके आणले, नर्सरीतून मातीच्या पिशव्या. माती विकत घेणारा आमच्या घराण्यातला मी पहिलाच. "वाण कोणता?" अण्णांनी विचारलं. "त्र्यंबक की तपोवन?" हे दोन्ही आमच्या शेजारच्या कुंदेवाडीच्या संशोधन केंद्राचे. "पाच किलोच्या पिशवीतला," मी म्हणालो.

एकविसाव्या दिवशी मुकुटमुळं फुटतात, ते पाणी चुकवायचं नाही, म्हणून मोबाइलवर गजर लावला. पाणी नळाचं, म्हणजे समुद्राचं खारं पाणी गोडं केलेलं. ऊस लावणाऱ्यालाही परवडणार नाही असं हे बागायती पीक. तरी फुटवे आले, कांडी धरली आणि एके दिवशी खरंच ओंब्या दिसल्या! ओंबीचं कूस गालाला लावून मी फोटो काढला. शेखसाहेबांना पाठवायचाच तेवढा बाकी होता.

मग कबुतरं आली. मी ऑफिसचा जुना शर्ट घालून बुजगावणं उभं केलं. तासाभरात वॉचमन दारात: "साहब, बाल्कनी में कपड़ा लटकाना मना है." नियम महापालिकेचा, खरा. बुजगावणं आहे हे हिंदीत समजावताना माझी दमछाक झाली. शर्ट आत आला, कबुतरं परत आली. पक्ष्यांना दाणे घालायलाही बंदी आहे, हे वॉचमन जाता जाता सांगून गेला.

उरलेल्या ओंब्या अण्णांना व्हिडिओ कॉलवर दाखवल्या.

"मागं ते गरगर काय फिरतंय?"

"एसीचं बाहेरचं यंत्र."

"घरातली ऊन हवा कुठं टाकतं ते?"

मी गप्प. बायकोने फेब्रुवारी सरताना एसी लावला होता आणि तो झोत थेट पिकावर होता.

"दाण्यात चीक भरताना गव्हाला थंडी लागते लेका. तू तर त्याला धुरी देतोयस."

मळणी चहाच्या गाळणीवर झाली. चिरमुटलेले दाणे वाटीत घातले तर वाटीचा तळही धड झाकेना. पेरलं होतं त्याहून कमीच असावं. तरी रुबाबात चक्कीवर नेलं. चक्कीवाल्याने वाटीत डोकावून पाहिलं. "भाईसाब, इतना तो चक्की ही खा जाएगी." शेवटी विकतच्या गव्हाच्या पिशवीत ते मिसळले आणि एकत्र दळून आणले.

शुक्रवारी पाहुणे जेवायला. बायको पोळ्या लाटत असताना मी शेतीची गोष्ट सांगितली, थोडी वाढवून. पहिला घास घेतल्याबरोबर एक काका म्हणाले, "वा! घरचा गहू लगेच कळतो."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी काकांच्या पोळीवर तूप वाढलं.