सोळा घाला, आठ मोजा

नवा संगणक १६ जीबी रॅम पोटात घालून ८ जीबीच कबूल करतो, तेव्हा दुकानदार आधी ग्राहकाकडेच संशयाने पाहतो. मग ठरलेले विधी: पट्टी काढा, सोनेरी दात खोडरबराने पुसा, ‘टक्’ आवाज येईपर्यंत दाबा. पुष्कळदा एवढ्यावर भागतंही.

पण बायोसमध्ये १६ आणि विंडोजमध्ये ८ दिसले, तर पट्टी बहुधा निर्दोष. विंडोज ७ ची होम बेसिक आवृत्ती ६४ बिटची असली तरी ८ जीबीपुढे मोजायचीच नाही. होम प्रीमियमची मजल १६, प्रोफेशनलची थेट १९२. स्टार्टरवाल्यांनी दोनावर समाधान मानायचं. म्हणजे अडचण गणिताची नव्हे, ऐपतीची! ज्यादा रॅम बिचारी जागेवरच असते, वीजही खाते, फक्त हजेरीपटावर नाव नसतं.

३२ बिटवाल्यांकडे पत्तेच चार जीबीपुरते, त्यातलेही काही ग्राफिक्स कार्डासारख्या मंडळींनी आधीच अडवलेले. चार बसवा, सव्वातीनच्या आसपास वापरा.

आणि कुणा हौशी भाच्याने एमएसकॉन्फिगमध्ये ‘मॅक्झिमम मेमरी’वर टिचकी मारून ठेवली असेल, तर ती खूण काढा, मशीन पुन्हा सुरू करा आणि भाच्याला चहा विचारू नका.