नवी डिस्क, जुनी किल्ली

जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी टाकली की संगणक पळतो म्हणतात. पळतोही. पण आधी काळ्या पडद्यावर ‘नो बूटेबल डिव्हाइस’ झळकतं!

मग रॅम पुसणं, केबल हलवणं, जाणकार भाच्याला फोन. दोष बहुधा भलतीकडेच असतो. जुनी डिस्क जोडलेली ठेवून नवीवर विंडोज टाकलं, तर बूट फाइल्स जुनीच्या ईएफआय पार्टिशनमध्येच जाऊन बसू शकतात. म्हणजे बिऱ्हाड नव्या घरात, किल्ली जुन्या. जुनी काढताच नवी मुकी.

कधी डिस्कवरच्या विभागांची १९८३पासूनची एमबीआर मांडणी आड येते. केवळ यूईएफआय या नव्या फर्मवेअरवर चालणारा मदरबोर्ड तिच्यावरून विंडोज सुरूच करत नाही.

किल्ली जुन्या घरात राहिली असेल, तर ‘बीसीडीबूट’ ही आज्ञा बूट फाइल्स नव्याने लिहून देते. तोवर जुनी डिस्क भंगारात देऊ नका.