आता इंजिन उतरलंच आहे तर

जुन्या गाडीचा एखादा भाग बदलायचा झाला तर त्याची किंमत विचारू नये, पत्ता विचारावा. एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्‌स कारच्या क्लच रिलीज बेअरिंगचा पत्ता असा: बॉनेटखाली इंजिन, इंजिनाच्या पाठीला फ्लायव्हील, फ्लायव्हीलला क्लच, क्लचच्या मागे एक फोर्क आणि फोर्कच्या टोकाला हे महाशय. बऱ्याच गाड्यांचा गिअरबॉक्स खालून उतरवता येतो. एमजीबीचा येत नाही. तिथे आधी इंजिन हलवावं लागतं. तळहातावर मावेल अशी वस्तू बदलायची, पण तिच्या भेटीसाठी दीडशे किलोंहून जड इंजिनाला वाट सोडायला लावायची.

माझ्या साडूंकडे 1972 सालची एमजीबी आहे. ते ऑक्सफर्डला राहतात. गाडीचं जन्मगाव ॲबिंग्डन तिथून हाकेच्या अंतरावर. 1962 ते 1980 या काळात पाच लाखांहून अधिक एमजीबी बनल्या. त्यातली एक साडूंच्या वाट्याला आली आणि तिचा क्लच माझ्या. साडू हे नातंच विचित्र. बायकोच्या बहिणीच्या नवऱ्याशी भांडता येत नाही आणि त्याला नाही म्हणायचीही सोय नसते. इंग्लंडमध्ये चाळीस वर्षांवरच्या गाडीला रोड टॅक्स माफ आहे. अशा गाडीचा मालक आधीच पुरेसा भरडला गेलाय, हे तिथल्या सरकारला कळत असावं.

तर हे बेअरिंग. क्लचचं पेडल दाबलं की तेलाच्या दाबाने फोर्क हलतो, बेअरिंगला पुढे ढकलतो आणि बेअरिंग गरगर फिरणाऱ्या प्रेशर प्लेटवर दाबलं जातं. फोर्क जागचा फिरत नाही, प्लेट थांबत नाही. दोघांत मध्यस्थी या बेअरिंगची. इतर गाड्यांत या कामाला छर्ऱ्यांचं बेअरिंग असतं. एमजीबीत मात्र लोखंडी वाटीत बसवलेलं ग्रॅफाइटचं काळं कडं. छर्रे नाहीत, ग्रीस नाही. पुढे जायचं, घासायचं, मागे यायचं. झिजून संपेपर्यंत तक्रार नाही, आणि संपलं की एकदम किंचाळी.

ते किती टिकणार हे ठरवतो चालकाचा डावा पाय. इंग्लंडमध्ये सिग्नलला गाडी न्यूट्रल करून हँडब्रेक ओढायला शिकवतात. ॲबिंग्डनवाल्यांनी गाडी आखली तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे असाच सद्‌गृहस्थ असणार: लाल दिवा, न्यूट्रल, हँडब्रेक, पाय पेडलवरून खाली आणि शेजारी बसलेल्या बाईंशी पावसाबद्दल एखादं वाक्य. असा माणूस असेल तर ग्रॅफाइट वर्षानुवर्षं चालतं.

माझे साडू गाडी शिकले पुण्यात, लक्ष्मी रोडवर. तिथे सिग्नलला न्यूट्रल करणं म्हणजे शरणागती. पहिला गिअर पडलेला हवा, क्लच तळाशी दाबलेला हवा आणि दिवा हिरवा व्हायच्या आत गाडीने वीतभर पुढे सरकायला हवं, नाहीतर मागचा स्कूटरवाला तुमची पिढी काढतो. इंग्लंडात एवढी वर्षं राहून साडू रांगेत उभं राहायला शिकले, कुणी पायावर पाय दिला तर स्वतःच सॉरी म्हणायलाही शिकले. पण डावा पाय पुण्यातच राहिला.

तेव्हा क्लच दाबला की गाडी किंचाळू लागली यात नवल नव्हतं. साडूंचं निदान मात्र वेगळं. "अहो, मुळात ग्रॅफाइटच मागासलेलं. आपण छर्ऱ्यांचं रोलर बेअरिंग टाकू. अपग्रेड!" जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांची दुकानं दोन्ही विकतात, आणि साडूंनी मोहाला बळी पडून दोन्ही मागवली. एक बसवायला, एक तुलनेला.

शेजारी एक म्हातारबुवा राहतात, सारी हयात गाड्यांच्या कारखान्यात गेलेले. ते कुंपणावर कोपर टेकून म्हणाले की रोलर बसवायला हरकत नाही, पण फोर्क सरळ रेषेत सरकत नाही, कंसात हलतो. बेअरिंगचा मध्य आणि क्लचचा मध्य दर वेळी नेमका जुळेलच असं नाही. ग्रॅफाइट मुकाट्याने सरकत-घासत जुळवून घेतं. छर्ऱ्यांना ते सोसत नाही. शिवाय या गाडीत पाय काढल्यावरही बेअरिंग प्लेटला हलकंसं टेकलेलंच राहतं, म्हणजे रोलर गाडी चालू असेपर्यंत फिरतच राहणार. एवढं बोलून त्यांनी चहाचा घोट घेतला. साडूंना हा शुद्ध सनातनीपणा वाटला. मला म्हातारबुवांचं पटलं, पण मी साडू आहे. मी पाना उचलला.

पाना उचलून उपयोग नव्हता. माझा संच मिलिमीटरचा, गाडीचे नट इंचांतले. तेरा नंबरचा पाना अर्ध्या इंची नटावर अगदी बसल्यासारखा वाटतो आणि जोर लावला की नटाचे कोपरे गोल करून मोकळा होतो. मग इंची पाने आले. बॉनेट निघालं, रेडिएटर निघाला, एसयू कंपनीचे दोन कार्बोरेटर जोडीने निघाले, स्टार्टर निघाला. इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्रच काढलेलं बरं, म्हणून दोघं भाड्याच्या क्रेनला साखळीने लटकले, नाक वर, शेपूट खाली. त्या शेपटीतून तेलाची सोनेरी धार मेहुणीच्या तुळशीच्या कुंडीपासून चार बोटांवर पडली. मेहुणी खिडकीत उभी होती. काही बोलली नाही. आमच्याकडच्या स्त्रियांच्या या न बोलण्याला मुहूर्त लागत नाही, शांत मात्र करावी लागते.

आणि मग ते वाक्य आलं. घराची एक फरशी बदलायला घेतली की ज्याने अख्ख्या घराची वाट लागते, तेच. "आता इंजिन उतरलंच आहे तर..." क्लच प्लेट नवी टाकू. मागचं ऑइल सील बदलू. इंजिनाचे रबरी माउंट तरी कोण पुन्हा उघडणार? बॉनेटखालचा रंगही खपलीला आलाय, मोकळी जागा आहे तोवर ब्रश फिरवून घेऊ. गाडी पुरती रिकामी झाली. बेअरिंग बाजूलाच राहिलं.

शेवटी फोर्कवरच्या दोन स्प्रिंगच्या क्लिपा सोडवून जुनं कडं हातात आलं. ग्रॅफाइट वाटीच्या काठाशी टेकलेलं, बोटाला पेन्सिलीसारखं काळं लागणारं, आणि एका बाजूने जास्त झिजलेलं. म्हातारबुवांनी ते उजेडात धरून फिरवलं आणि विचारलं, ही गाडी चालवतं कोण? साडूंनी काही सांगायच्या आत मेहुणी बाहेर आली. तिने लायसन्स ऑक्सफर्डलाच काढलंय. ती लाल दिवा दिसला की न्यूट्रल करते, हँडब्रेक ओढते आणि आरशात केस नीट करते. "ग्रॅफाइटच बसवा," ती म्हणाली. "आणि किल्ली माझ्याकडे द्या."

त्याप्रमाणे झालं. रोलर बेअरिंग खोक्यातच राहिलं, आणि ते वाया जाऊ नये म्हणून साडूंनी माझ्या वाढदिवसाला चकचकीत कागदात गुंडाळून मला भेट दिलं. माझी गाडी विजेवर चालते. तिला क्लचच नाही.