राजारामभाऊपुरीस पत्र

म्युनिक, रविवार

तीर्थरूप बाबांस शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

काल फोनवर आपण "आक्का नाहीशी झाली" असे ज्या गंभीर स्वरात सांगितलेत, तो ऐकून आपल्या सूनबाईंची कणीक परातीतच राहिली. आक्का आठव्या गल्लीत सुखरूप असून केवळ आपल्या आत्मवृत्ताच्या फाइलीत शोधूनही सापडत नाहीत, हा खुलासा झाला तेव्हा कोठे पोळ्या झाल्या.

आक्का लग्नानंतरच्या प्रकरणांत सापडतात आणि बालपणात सापडत नाहीत, याचे कारण असे की पूर्वार्ध आपण डीटीपीवाल्याकडून जुन्या फॉन्टमध्ये टंकून घेतलात व उत्तरार्ध स्वतः युनिकोडमध्ये टंकलात. जुन्या पद्धतीत आत रोमी अक्षरांचेच क्रमांक असतात, वर फक्त देवनागरीचा पोशाख; युनिकोडने १९९१ साली देवनागरी वर्णांना त्यांचे स्वतःचे क्रमांक दिले. सबब पूर्वार्ध कन्व्हर्टरमधून काढल्यावाचून तेथे मराठी शब्दाचा शोध व्यर्थ होय. शिवाय आपण कधी 'आक्का' लिहिता, कधी 'अक्का'. यंत्रास त्या दोन निराळ्या बाया वाटतात.

दुसरे असे की शब्दाची सर्व रूपे शोधावीत. नुसते 'तालीम' शोधलेत, तर 'तालमीत' गाळलेला घाम हाती लागणार नाही. 'तालमी' असाही शोध घ्यावा, आणि 'विहीर' झाल्यावर 'विहिरी'. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ सालच्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वारांना रजा दिली, तरी आपल्या 'नांव', 'गांव', 'कोठें' यांवर ते अद्याप कामावर रुजू आहेत. म्हणून तेही शब्द दोन्ही प्रकारे शोधावेत. सालांचेही तसेच: '१९६२' शोधल्यास इंग्रजी आकड्यांतले वर्ष बहुधा निसटते.

आता चि. विजूच्या पराक्रमाविषयी. आपल्या बालमित्राचा एकेरी उल्लेख त्यास खटकला, हे त्याच्या संस्कारांस शोभले. परंतु 'राम'च्या जागी 'रामभाऊ' घालून 'सर्व बदला' हा हुकूम सोडल्यामुळे आपण सध्या राजारामभाऊपुरीत राहता, डॉक्टरांनी आपणांस आरामभाऊ करावयास सांगितला आहे, आणि जेथे मुळात रामभाऊच होते तेथे रामभाऊभाऊ उभे आहेत. 'पूर्ण शब्दच' ही खूण केली असती तर राजारामपुरी वाचली असती, पण 'रामाने' आणि 'रामला' सुटले असते. यास्तव एकेक ठिकाण डोळ्यांखालून घालूनच बदल करावा. मूळ प्रत माझ्याकडे आहे, काळजी नसावी.

आईने पाठविलेली कांदा-लसूण चटणी पोहोचली व संपलीही. रिकामी बरणी मात्र घरातच आहे, कारण रविवारी काच टाकण्याच्या पेटीत बाटली टाकून आवाज करणे येथे निषिद्ध! दुकाने बंद, बरणी बंदिस्त. चिडून मी येथील संविधानात 'रविवार' शोधला, तेव्हा १९१९ सालच्या वायमार संविधानाचे १३९वे कलम १९४९ च्या मूलभूत कायद्याने तसेच चालू ठेवले असून त्या दिवसास कामापासून विश्रांतीचे संरक्षण आहे, असे निघाले. विजूस कळवावे, की हाच तो मूळ आरामभाऊ.

शोधाचा एक दोष मात्र दूर होत नाही. पूर्वार्ध कन्व्हर्टरमधून काढल्यावर पडताळणीसाठी आपल्या फाइलीत 'पंचगंगा' टंकले. पहिल्याच ठिकाणी आपण घाटावर सायकल धुता आहात आणि आजोबा वरून ओरडताहेत, असे निघाले, आणि पुढचे ठिकाण पाहावयाचे सोडून मी तेथूनच वाचत सुटलो. मग हिने विचारले, डोळे का चोळता? चटणी लागली म्हणालो. बरणी तर कालच धुतली होती.

धाकट्या काकांनी पुन्हा बुलेट घेतली यात नवल नाही. विकतील तेव्हा कळवा. आत्याबाईंचा रुसवा लग्नघरात निघेलच. सुमीच्या लग्नपत्रिकेचा मसुदा मात्र कृपा करून विजूच्या हाती देऊ नये. नवऱ्या मुलाचे नाव श्रीराम असल्याचे आईने कळविले आहे.

आपला आज्ञाधारक,
बंडू