बाजू पांढऱ्या तारेची

लेस्टर

ती. भाऊकाका यांस,



वाडीच्या मागच्या मोकळ्या जागेत पर्यटकांसाठी एक जुनी, गाडीमागे ओढायची कॅराव्हॅन आणून ठेवायचा तुमचा बेत कळला. सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरणच काढलंय, तेव्हा काकू म्हणतात तसं हे खूळ एकट्या तुमचं नाही. निसर्ग वादळानंतर आपल्याकडे किती दिवस वीज नव्हती ते आठवलं, तर घरामागे स्वतःची बॅटरी असलेली एक खोली असणं वाईटही नाही. प्रश्न वायरिंगचा आहे. बोर्लीचा वायरमन म्हणतो, ‘दोन तासांचं काम, दिवे लावून देतो.’ तो दिवे लावून देईल यात शंका नाही. आमचं म्हणणं एवढंच, की त्यानं दिव्यांना हात लावण्याआधी पांढऱ्या तारा तपासाव्यात. इथल्या, म्हणजे इंग्लंडच्या, कॅराव्हॅनमध्ये पांढरी तार म्हणजे परतीची, आपण जिला अर्थ म्हणतो ती. गाडीकडून वीज नेणाऱ्या पिवळ्या, हिरव्या, तांबड्या तारांचं सगळे कोडकौतुक करतात. ती परत आणणाऱ्या तारेकडे मात्र कुणी ढुंकून बघत नाही, आणि ओढगाडीचं वायरिंग फसतं ते बहुधा तिथंच.

पुरावा हवा असेल तर साध्या बल्बच्या ओढगाडीचे चाळे बघा. डावा इंडिकेटर लावला की मागचा तांबडा दिवाही त्याच्याबरोबर मिणमिणतो. ब्रेक दाबला की इंडिकेटर थबकतो. अशा वेळी बल्ब बदलले जातात, मग सॉकेट, शेवटी ड्रायव्हर. खरं कारण असं, की मागच्या एका डब्यातल्या तीन-चार दिव्यांची परतीची तार एकच असते. ती गंजून सुटली की वीज घरी जायला शेजारच्या बल्बमधून वाट काढते आणि जाता जाता त्याला उजळते. हे ओळखायला मांत्रिक लागत नाही, मीटर लागतो. दिवा चालू ठेवून त्याची अर्थ आणि बॅटरीचं ऋण टोक यांच्यामध्ये मीटर लावा. काटा शून्याजवळ राहिला तर ठीक. एक-दोन व्होल्ट दाखवले, तर नवा बल्ब घेऊन काहीही होणार नाही.

यावर तुम्ही म्हणाल, आपल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला कुठं असते वेगळी अर्थ? सांगाड्याचं लोखंडच काम भागवतं. भागवतं खरं, पण ट्रॉली लोखंडाची असते. कॅराव्हॅनचं अंग बहुतेक अ‍ॅल्युमिनियम, फायबर आणि प्लायवूडचं. ती गाडीला लोखंडानं टेकते ती एकाच जागी, हुकाच्या गोळ्यावर. त्यावर ग्रीस, धूळ आणि आपल्या दिवेआगरची खारी हवा. म्हणजे माणगावहून म्हसळ्याकडे येताना ब्रेकचा दिवा लागणं न लागणं रस्त्यातल्या खड्ड्यांवर अवलंबून. १३ पिनांच्या सॉकेटचं जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यात तीन पिना निव्वळ परतीसाठी राखल्यात: तिसरी दिव्यांची, अकरावी फ्रिजची, तेरावी बॅटरीची. शिवाय या तिन्ही कॅराव्हॅनच्या बाजूला आपसात जोडायच्या नाहीत. ज्यांनी हे मानक बसवलं त्यांना तांबं फुकट मिळत नव्हतं. आणि ‘आपल्याकडे रात्री कुणाच्या ट्रॉलीला दिवे असतात’ हा युक्तिवाद तर आम्ही ऐकलाच नाही असं समजा. कॅराव्हॅनमुळे गाडीचे मागचे सगळे दिवे झाकले जातात, मागच्या एसटीला दिसणार ते तिचेच.

दुसरा आक्षेप वायरमनचा असणार: बारा व्होल्टच तर आहेत, शॉक लागतोय थोडाच? नाही लागत. पण जळायला तेवढे पुरतात. घरच्या २३० व्होल्टवर १२० वॅटचा फ्रिज जेमतेम अर्धा अँपिअर घेतो, बारा व्होल्टवर तोच दहा घेतो. गाडीच्या बॅटरीपासून फ्रिज सात मीटर लांब धरा, म्हणजे जाऊन-येऊन चौदा मीटर तांबं. तार एक चौरस मिलिमीटरची असेल तर जवळजवळ दोन व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात, आणि फ्रिजला (हा आतल्या हीटरच्या उष्णतेवरच गारवा करतो) तापायला मिळते ती नेहमीच्या शक्तीच्या जेमतेम सत्तर टक्के. सोलकढी कोमट. अडीच चौरस मिलिमीटरची तार घातली तर नुकसान एका व्होल्टवर येतं. त्यातला निम्मा वाटा परतीच्या तारेचा आहे, हे मात्र विसरू नका. तांबडी जाड आणि पांढरी जुनीच ठेवली, तर निम्मं दुखणं तसंच राहतं. सैल जोडावर तर वाया जाणाऱ्या विजेची उष्णता एका ठिकाणी गोळा होते, तेही प्लायवूडला खेटून. फ्यूज लागतो तो फ्रिज वाचवायला नव्हे, तार वाचवायला. म्हणून तो बॅटरीच्या अगदी जवळ असावा आणि तारेला झेपेल एवढाच, अडीच चौरस मिलिमीटरच्या तारेला पंधरा अँपिअरचा. सारखा उडतो म्हणून किटकॅट फ्यूजमध्ये जाड तार पिळण्याची आपली जुनी विद्या इथं चालवू नये.

खाऱ्या हवेचं काय, हा आक्षेप खरा आहे. कोरं तांबं तिथं वर्षभरात हिरवं पडतं आणि चिकटपट्टीचा गोंद उन्हात ओघळतो. त्यावर उपाय म्हणजे बोटींसाठी मिळते ती कथलाचा मुलामा दिलेली तार. काकूंच्या पातेल्यांना कल्हई लावतात तेच हे कथील. जोड पिळून नकोत, योग्य पकडीनं दाबलेल्या लगचे हवेत, वर गरम केल्यावर आवळून बसणारी नळी. नव्या गाडीच्या मागच्या दिव्यांच्या तारा सोलून तिथून वीज चोरायची नाही. तिचा संगणक बिथरतो, त्यासाठी वेगळं मॉड्यूल मिळतं. वाडीतून २३० व्होल्टची जोडणी देणार असाल तर ते खातं पूर्ण वेगळं. ते परवानाधारकाकडून आणि विजेची गळती होताच ती तोडणाऱ्या ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीसकटच.

वायरमनला एवढंच सांगा: काम सुरू करण्याआधी बॅटरीची ऋण तार सोडायची. संपल्यावर ती पुन्हा जोडून, सगळे दिवे आणि फ्रिज चालू ठेवून, प्रत्येक अर्थवर मीटर लावून दाखवायचा. काटा तुम्ही स्वतः पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

काकूंना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

आपली,
लेस्टरची मंडळी