नाव घातलेली वाटी

लग्नात आम्हाला चौदा तांबे आले. जेवायला ताट एकही नाही. आहेर करणाऱ्यांना बहुधा आम्ही पाणपोई काढणार असं वाटलं असावं. मग ताटं बोहारणीकडून घेतली. ह्यांची लग्नातली पँट तिने उजेडात अशी धरली, की मला बघायला आलेल्यांनीही इतकं निरखलं नव्हतं! पँट आणि दोन जरीच्या साड्यांवर सौदा तुटला. वाट्या मात्र रोख आणल्या, '18-8'च्या. म्हणजे 18 टक्के क्रोमियम, 8 टक्के निकेल. उरलेला बहुतेक दुकानदाराचा आवाज. वाट्यांवर नाव घालून घेतलं, चोरीला जाऊ नयेत म्हणून. आज आमच्या मांडणीत सहा वाट्या आहेत. त्यातल्या चारांवर शेजारणींची नावं आहेत.