सोनेरी बिटं, फाटकी भोकं

कामापेक्षा हत्यारं जास्त तो हौशी सुतार, ही व्याख्या मी ठामपणे करतो, कारण ती मला तंतोतंत लागू पडते. आमच्या पंथाला सोनेरी बिटांच्या शंभरनगी पेटीचा भारी मोह. तो सोनेरी मुलामा टायटॅनियम नायट्राइडचा. पोलाद कापताना त्याचा गुण येतो. सागवानात मात्र त्याचं काम वरातीतल्या घोड्याच्या झुलीइतकंच. माझं म्हणणं असं की, पिलर ड्रिलवर लाकडासाठी बिटांच्या अडीच जाती पुरतात. उरलेली पेटी शेजाऱ्यांना दाखवायची.

पुरावा भोकाच्या काठावर सापडतो. साधं पिळाचं बिट मुळात धातूचं. त्याचं ११८ अंशांचं टोक लाकडाच्या रेषेवरून घसरतं आणि तंतू कापायचे सोडून उपटतं. ब्रॅड पॉइंटचं मधलं टोक जागा धरतं, कडेची दोन टोकं आधी गोल कापून घेतात. भोक मोठं आणि सपाट तळाचं हवं असेल तर फोर्स्टनर. त्याच्याबद्दल मी जरा जास्तच बोलणार, इलाज नाही. बेंजामिन फोर्स्टनरनं १८७४ साली अमेरिकेत त्याचं पेटंट घेतलं. हे बिट चालतं ते कडेच्या आधारानं. त्यामुळे अर्धं भोक फळीबाहेर गेलं तरी वाट सोडत नाही. कपाटाच्या दारात लपणाऱ्या बिजागरीचं ३५ मिलिमीटरचं घर तेच करतं. हातातल्या ड्रिलवर ते पिसाळतं. पिलर ड्रिलवर, वेग कमी ठेवला की, शहाण्यासारखं वागतं. मध्यापेक्षा परिघावर भिस्त ठेवणारं हे बिट स्वतःला जगाचा मध्य समजणाऱ्या आम्हा हौशींच्या हाती पडावं, यात काहीतरी न्याय असावा.

कोणी म्हणेल, जुने सुतार गिरमिटावर भागवत होतेच की! होते; पण गिरमिटाच्या टोकाचा स्क्रू स्वतःच लाकडात शिरतो. हाताला ती मदत, पिलर ड्रिलवर मात्र तो फळीच वर खेचू पाहतो. साधं बिटही चालतंच, असाही आक्षेप येईल. मान्य; स्क्रूचं भोक स्क्रूच झाकतो. म्हणून तर ती अर्धी जात धरली! आणि खालच्या बाजूनं फळी फाटते म्हणून महागडं बिट घ्यायला निघालेल्यानं आधी फळीखाली एक टाकाऊ तुकडा दाबून ठेवावा.

मात्र एका गोष्टीवर माझ्याकडे उत्तर नाही. सागवानात सिलिका असते, ती धार खाते. कानस फिरवली की धारेवरचं सोनं पहिलं जातं, म्हणून आम्ही धार लावतच नाही. नवी पेटी आणतो. कसबी सुताराचं बिट घासून घासून आखूड झालेलं असतं, आमचं वर्षानुवर्षं पुऱ्या लांबीचं. तसलं आखूड बिट कुठल्याच पेटीत मिळत नाही, आणि माझी खरी चिडचिड तीच आहे.